केसांचा हिशेब

रायबंदरच्या फेरीधक्क्यासमोर माझं दुकान.
दोन खुर्च्या, एक आरसा, आरशात अर्धी मांडवी.
पणज्याचा बाप फोंडू म्हालो
इथंच पिंपळाखाली धोपटी उघडून बसायचा.
तेव्हा दुकान नव्हतं, नदी मात्र अख्खी होती.

त्याची ही गोष्ट आमच्यात
वस्तऱ्याबरोबर वाटणीला येते.
काका म्हणतात, निम्मी खोटी आहे.
कुठली निम्मी, ते सांगत नाहीत.

मकावचं जहाज लागलं होतं.
त्यावरचा सुतार येऊन पाटावर बसला.
बाप्तिस्म्याचं नाव इनासियो,
आईनं ठेवलेलं आ-फात.
केस कमरेपर्यंत, कपाळही न भादरलेलं.
फोंडूनं विचारलं, किती काढू?
तो गप्प.

मग मोडक्या पोर्तुगीजमध्ये,
आणि जिथं ती संपली तिथं हातांनी:
आमच्याकडे बादशहाचा हुकूम,
पुढून भादरा, मागं वेणी सोडा.
वेणी असेल तर मुंडकं राहील.
आम्ही केस वाढवले.
तेवढ्यावरून नाव पडलं, लांब केसवाले.
नानकिंग घेतलं.
बायकांच्या पायांच्या पट्ट्या सोडल्या, अफू बंद केली,
जमीन सगळ्यांची केली, कागदावर.
मग आमचेच राजे एकमेकांना कापायला लागले.
मग वेढा पडला.
धान्य संपलं तेव्हा आमचा राजा गवताला म्हणाला,
हे देवानं धाडलेलं अन्न.
आम्ही खाल्लं.
गोडच लागलं, असं सगळे सांगायचे.

घरातली गेलेली माणसं तो बोटांवर मोजायला लागला.
दोन्ही हात संपले.
पायाची बोटं मोजायला वाकला
आणि तसाच राहिला.

अफूचं नाव निघालं तेव्हा फोंडूनं वस्तरा उगाच पाण्यात बुडवला.
दमणहून मकावला पेट्या जायच्या,
धक्क्यावरचा शेट त्यातच गब्बर झालेला,
आणि शेटची दाढी फोंडूकडे, दर शनिवारी.

पाद्रीसमोर गुडघे टेकून सगळं सांगितलं होतं म्हणे त्यानं.
आमचा राजा येशूचा धाकटा भाऊ होता,
एवढं ऐकून पाद्रीनं खिडकीचा पडदा फाडकन ओढून घेतला.
फोंडूला मात्र त्यात काही नवल वाटलं नाही.
देवाक भावंडां आसतातच, म्हणाला.
शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण
सख्ख्या बहिणी.
हिच्याकडून तेल जातं, तिच्याकडून मोगरा येतो.
पण भावकीपायी एवढी माणसं?
आमच्यात फार तर माडाची हद्द सरकते.

हे म्हणाला, आणि त्याला स्वतःचा भाऊ आठवला.
राण्यांच्या बंडात सत्तरीच्या रानात शिरलेला, न परतलेला.
बंड मोडल्यावर किल्ल्यातल्या कैद्यांची डोकी भादरायला
फोंडूलाच नेलं होतं.
रांगेनं बसवलेले, सगळे पाठमोरे.
एकानंही मान वळवली नाही.
त्यानंही कुणाला वळ म्हटलं नाही.

बराच वेळ दोघं नदीकडे बघत बसले.
मग फोंडू म्हणाला,
इथं ठेव नाहीतर काढ,
तुझ्या केसांचं इथं कुणाला काय पडलंय?
तेव्हा तो रडला.
एवढं सांगून झालं, तेव्हा नाही,
हे ऐकून.

पुढं काय झालं, त्यावर घरात दोन तट आहेत.
काका म्हणतात, सगळे काढले, दीड पैसा घेतला.
बाबा म्हणायचे, नुसती टोकं सारखी केली
आणि पैसे घेतले नाहीत.
मला वाटतं, पैसे घेतले असतील.

आता पोरं मोबाईलवर फोटो दाखवतात,
बाजूनं शून्य, वर लांब.
मी दोन बोटांनी डोकं पुढं झुकवतो.
मान खाली, म्हणतो.
सगळे घालतात.
परवा एका म्हाताऱ्यानं घातली नाही.
आरशातून माझ्या हाताकडे बघत राहिला,
आणि मीही त्याला पुन्हा म्हटलं नाही.